रावांच्या नावावरचं वाक्य

चेन्नईला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत चार सुती कुडते, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड आणि सेतुमाधव रावांचं एक वाक्य होतं. वाक्य छापील होतं. आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकावर रावांच्या फोटोखाली ते इंग्रजीत झळकत होतं. त्याचा अर्थ असा: ‘पूर्वी प्रेसपाशी नुसती नजर ठेवायला एक माणूस उभा करावा लागे. आता त्याची गरज उरलेली नाही.’ रावांना मी कधी पाहिलेलं नव्हतं. वर्षभरापूर्वी एकदा फोनवर बोललो होतो, तेवढीच ओळख.

मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या जाहिरात विभागात लिहिते. ‘ग्राहकांच्या यशोगाथा’ असं त्या लिखाणाचं भारदस्त नाव आहे. आमचं उत्पादन म्हणजे पत्रा कापणाऱ्या प्रेसवर लावायचा कॅमेरा आणि त्यामागचं सॉफ्टवेअर. कामगाराचा हात साच्याखाली असला तर ते ओळखतं आणि यंत्र थांबवतं. सगळं नीट चालू असलं की वर हिरवा दिवा लागतो. चेन्नईतल्या गिंडीच्या एका लहान कारखान्यानं ते घेतलं होतं, राव तिथले सुपरवायझर, आणि आता त्यांचा व्हिडिओ करून आणायला मला धाडलं होतं. चेन्नईत प्रदर्शन भरायचं होतं. माझा साहेब केतन, वयानं माझ्याहून बारा वर्षं लहान, मला म्हणाला, “दोन मिनिटं पुरेत. फक्त हसरे घे त्यांना.”

अरकोणम स्टेशन गेल्यावर उजाडलं. खिडकीबाहेर ताडाची झाडं आणि आटलेल्या एऱ्या (गावतळी) दिसायला लागल्या. एका एरीच्या तळाशी पोरं क्रिकेट खेळत होती. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी डबा उघडला आणि मला विचारलं, “साप्टींगळा?” (जेवलात का?) मी मान हलवली तर त्यांना ती ‘नाही’ अशी वाटली असावी, कारण पुढच्या क्षणी माझ्या हातावर लिंबूभाताचा गोळा होता. सकाळी साडेसहाला. खाल्ला मुकाट्यानं, आणि खरं सांगते, दिवसभरात सुखानं खाल्लेला तेवढाच.

सेंट्रलला उतरले आणि उकाड्यानं थोबाडीत मारल्यासारखं झालं. मे महिना. या दिवसांना इथे कत्तिरी म्हणतात (वर्षातले सगळ्यात कडक उन्हाचे दिवस), आणि लोक तो शब्द घरातल्या तापट माणसाबद्दल बोलावं तसा हळू बोलतात. मेट्रोनं गिंडीला आले. औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी एका टपरीवर इडली मागवली आणि सांबार उपडं केलं ते नेमकं माझ्या प्रश्नांच्या कागदावर. कागद म्हणजे काय, तर एका बाजूला मी विचारायचे प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला रावांनी द्यायची उत्तरं. हो, उत्तरंही आम्हीच लिहितो. आमच्या धंद्यात ग्राहकाला बोलायचे कष्ट देत नाहीत. आधी त्याच्या तोंडी वाक्य घालायचं, मग मेल पाठवून ‘हे चालेल ना?’ विचारायचं. बहुतेकांचं चालतं.

कारखान्याच्या फाटकात राव उभे होते. सत्तावन्न वर्षांचे, शिडशिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर अंगाऱ्याची काळी उभी रेघ.

“या अम्मा, या. प्रवास सुखाचा झाला न? सकाळपासून वाट पाहात होतों.”

राव तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज केव्हातरी महाराष्ट्रातून तिकडे गेले आणि भाषा बरोबर घेऊन गेले. ती घरातच राहिली, त्यामुळे तिच्यात जुने शब्द तसेच आहेत आणि चाल मात्र तमिळ झालीय. फोनवर पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला भारी गंमत वाटली होती. त्यांना तर अप्रूपच वाटलं होतं. “पुण्याचें माणूस आमच्याशीं मराठी बोलतें!” असं ते फोनवर तीनदा म्हणाले होते. आता समोर आले तर तेवढं बोलले आणि गप्पच झाले. घसा बसला असेल, असं मला वाटलं.

आत पाच प्रेस होत्या. चार धडधडत होत्या. तिसरी बंद होती आणि तिच्या चाकाला लाल फडकं बांधलेलं होतं. तिच्याच वर आमचा कॅमेरा. उजेड चांगला होता. मी ट्रायपॉड उघडत म्हटलं, “राव, इथेच उभे राहा. मागे यंत्र येऊ दे.”

“तें यंत्र इन्स्पेक्टरनें बंद करविलें आहे, अम्मा.” ते माझ्याकडे बघत राहिले. “तुम्हांस कोणी सांगितलें नाहीं?”

मला कोणी सांगितलं नव्हतं. पाच आठवड्यांपूर्वी तिसऱ्या प्रेसवर वसंती नावाची बाई काम करत होती. पत्र्याचा तुकडा साच्यात अडकला. तो काढायला तिनं उजवा हात आत घातला. कॅमेऱ्याच्या काचेवर तेलाचा थर बसला होता, त्याला हात दिसला नाही. प्रेस खाली आली. तीन बोटं गेली. हे सगळं रावांनी आवाज न चढवता सांगितलं, आणि माझ्या हातातला ट्रायपॉड पुन्हा मिटायला मला किती वेळ लागला ते मला आठवत नाही.

“आणि नजर ठेवणारा माणूस?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“तो नव्हता.”

ते मला मुदलाळींच्या (मालकांच्या) खोलीत घेऊन गेले. मालक बाहेरगावी होते. टेबलामागच्या भिंतीवर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी आमचं माहितीपत्रक चौकटीत लावलेलं होतं. रावांचा फोटो आणि त्याखाली ते वाक्य.

रावांनी मला जे सांगितलं ते इतकंच. प्रेसपाशी एक वयस्क कामगार कायम उभा असायचा, हात वीज तोडायच्या खटक्यावर. ती रावांची शिस्त होती, वीस वर्षांची. कॅमेरा आल्यावरही त्यांनी तो माणूस हलवला नाही. मग हे माहितीपत्रक आलं. मालकांनी ते वाचलं आणि म्हणाले, राव, तुम्हीच म्हणता ना गरज नाही म्हणून, मग कशाला उभा करता? त्या माणसाला मालचढाईला लावलं. “मी म्हणालों, मीं तसें बोललों नाहीं. ते म्हणाले, तुमचें नाव आहे, फोटो आहे. मग मी काय बोलणार?” आता येत्या सोमवारी कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत सुनावणी होती, आणि मालक तीच चौकट तिथे नेणार होते. माणूस हटवायचा सल्ला सुपरवायझरचाच, हे दाखवायला.

मी त्या चौकटीकडे बघत होते. फोनवर राव काय म्हणाले होते ते मला चांगलं आठवत होतं. ते म्हणाले होते, “यंत्र चांगलें आहे अम्मा, पण मी आपला माणूस उभा करतोंच. डोळ्यांस डोळेच पाहिजेत.” मी वहीत लिहूनही घेतलं होतं. मग ‘पण’च्या पुढचं कापलं आणि जे उरलं ते फिरवून घेतलं. अर्ध्या तासाचं काम. केतननं त्या वाक्याचं कौतुक केलं होतं आणि मी घरी जाताना श्रीखंड घेऊन गेले होते.

वसंती पॅकिंगच्या टेबलावर होती. डाव्या हातानं वॉशर मोजून पिशवीत भरत होती, उजवा हात ओढणीखाली. राव टेबलापासून चार पावलं अलीकडेच थांबले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याच्या कंपनीतून आलेय हे तिला कुणीतरी सांगितलं असणार. ती काही रागानं बोलली नाही.

“पच्चै लाइट एरिंजुदु,” ती म्हणाली.

“हिरवा दिवा जळत होता म्हणते,” राव मागून हळू म्हणाले.

ती पुन्हा मोजायला लागली. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. माझ्याकडे तमिळ नव्हतं हे खरं, पण मराठीत तरी माझ्याकडे काय होतं?

फाटकापर्यंत पोचवायला येताना राव म्हणाले, “तिला ह्या कामावर मींच आणलें. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांत होती, लांब पडत होतें. आतां बोलत नाहीं. तिला लोकांनीं त्या कागदाचा अर्थ सांगितला आहे.” मग थांबून म्हणाले, “अम्मा, एक कागद लिहून द्याल? तें वाक्य माझें नव्हे म्हणून. सोमवारचें काय व्हायचें तें होवो. तिला दाखवायचा आहे.”

“तुम्ही तेव्हा मेलवर ओके कसं दिलंत, राव?” मी जरा चिडूनच विचारलं. मला कुणावर तरी चिडायचं होतं.

“वाचलें नव्हतें,” ते म्हणाले. “इंग्रजी, लांब. आणि तुम्ही पाठविलें होतें न. आपलें माणूस आहे, आपल्या नांवावर वाईट कशाला लिहील, असें वाटलें.”

संध्याकाळी घरी येते, कागद देते, असं मी त्यांना सांगितलं आणि रिक्षात बसले.

आमचं चेन्नईचं ऑफिस पेरुंगुडीला आहे, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर. काचेच्या इमारती, आत स्वेटर घालावासा वाटेल इतकी थंडी. रिक्षावाला दारात थांबून म्हणाला, “मॅडम, इंद बिल्डिंगल एन्न सेय्‌राङ्ग?” (या इमारतीत करतात काय?) मी म्हटलं, कंप्यूटर. त्यानं समजल्यासारखी मान डोलावली.

आत प्रदर्शनाचं सामान येऊन पडलं होतं. सहा फुटी फलक भिंतीला टेकवून ठेवलेले. त्यातल्या तिघांवर राव होते, माझ्याहून उंच, आणि खाली माझं वाक्य. मी केतनला फोन लावला.

“तुला अपघाताचं माहीत होतं?”

“लोकल ऑफिसकडून कळलं होतं,” तो म्हणाला. “म्हणून तर तुला घाईनं पाठवलं. उद्या ते नोकरीत नसले तर कॅमेऱ्यापुढे बाइट कोण देणार? आणि हे बघ, काचेवर तेल बसलं तर पुसायचं, हे मॅन्युअलमध्ये आहे. कॅमेरा इतर सुरक्षेला पर्याय नाही, हेही आहे.”

“मॅन्युअल कोणी वाचत नाही, केतन. लोक माहितीपत्रक वाचतात.”

“त्यांनी अप्रूव्ह केलंय. मेल आहे आपल्याकडे. तू काही लिहून-बिहून देऊ नकोस. कळलं? हे तुझ्याही अंगाशी येईल.”

मी एका रिकाम्या टेबलाशी बसून ती मेल शोधली. आता जे सांगते ते मी रावांना सांगितलं नव्हतं. आमच्याकडे प्रचाराच्या मेल पाठवायचं जे सॉफ्टवेअर आहे, त्यात कोणी मेल उघडली, जोडलेला मजकूर उघडला का, किती वेळ वाचला, सगळं दिसतं. रावांच्या नावापुढे होतं: मजकूर उघडला, शून्य वेळा. मंजुरी आली, चार मिनिटांत. हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं नाही. वर्षापूर्वीही मी ते शून्य पाहिलं होतं. पाहिलं आणि बरं वाटलं, की चला, आता दुरुस्त्या येणार नाहीत. ही माझी करणी. केतनला त्यात ओढायचं काही कारण नाही.

रावांचं घर सैदापेटला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. कमलाबाईंनी, रावांच्या पत्नीनं, पान मांडून ठेवलं होतं. भात, सारू (सार) आणि डांगर पचडी (उडदाच्या भाजक्या पिठाचं दह्यातलं तोंडीलावणं). “आमच्यांत हें केल्याशिवाय पाहुण्यांस वाढीत नाहींत,” त्या म्हणाल्या. माझ्या घरी डांगर होतं ते माझ्या आजीपर्यंत. मी एक घास घेतला आणि मग पानात नुसती बोटं फिरवत राहिले. त्यांना वाटलं, तिखट झालं. त्यांनी वर दही वाढलं.

जेवणानंतर रावांनी टेबल पुसलं, कोरा कागद आणि पेन ठेवलं, आणि लांब जाऊन खुर्चीत बसले. परीक्षेला बसलेल्या मुलाजवळ कोणी थांबू नये तसे.

मी लिहायला लागले. इंग्रजीत, कचेरीत चालावं म्हणून. पहिलं वाक्य मनात सरळ आलं होतं: हे वाक्य मी लिहिलं, राव याच्या उलट बोलले होते. पण कागदावर उतरता उतरता माझा हात सवयीनं चालायला लागला. ‘संपादनाच्या प्रक्रियेत मूळ विधानाचा आशय पूर्णतः प्रतिबिंबित झाला नसण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ असलं काहीतरी. मी कुठेच नव्हते त्यात. शून्याचा उल्लेख नव्हता. मला भीती वाटत होती. शेहेचाळिसाव्या वर्षी मला दुसरी नोकरी कोण देणार, हा एकच विचार डोक्यात होता. पुन्हा असंही मनाला समजावलं की निरीक्षक शिकलेले असतात, त्यांना आशय कळेल. मी सही केली.

रावांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

“वाचा तरी,” मी म्हटलं.

“तुम्ही लिहिलें न? मग वाचायचें काय.”

कमलाबाईंनी मला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. राव खाली रिक्षापर्यंत आले. रिक्षावाल्याशी भाड्यावरून त्यांनीच घासाघीस केली, आणि जाताना म्हणाले, “तुमच्यामुळें जीवास बरें वाटलें, अम्मा.” मी हसले. काय करणार होते?

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परतले. तेच ताड, त्याच एऱ्या, फक्त या वेळी उलट क्रमानं. व्हिडिओ झाला नाही म्हणून केतन दोन दिवस बोलला नाही. प्रदर्शन ठरल्याप्रमाणे झालं. तीनही फलक लागले. त्याचे फोटो आमच्या ग्रुपवर आले, त्यावर लोकांनी अंगठे दिले.

सोमवारी दुपारी रावांचा फोन आला.

“इन्स्पेक्टरसाहेबांनीं कागद वाचला,” ते म्हणाले. “मला विचारलें, ह्यांत काय आहे म्हणतां? मी म्हणालों, तें वाक्य माझें नव्हे असें आहे. ते म्हणाले, तसें कोठें लिहिलें आहे तें दाखवा. मला दाखवतां येईना.”

मी फोन घेऊन जिन्यात गेले.

“वसंतीची मुलगी कॉलेजांत शिकते. तिनेंही वाचून पाहिला. तिला पण सांपडलें नाहीं.” ते म्हणाले. “माझें इंग्रजी कमी, अम्मा. तुमचें बरोबरच असेल. कोठें आहे तेवढें सांगा, मी पुन्हा जाऊन दाखवितों. पुढची तारीख दिली आहे.”

त्यांनी मला रागावून बोलायला हवं होतं. फसवलंत म्हणायला हवं होतं. ते अजून मलाच विचारत होते की चूक त्यांच्या वाचण्यात आहे का. मी इतकी वर्षं लोकांना विश्वास वाटेल असं लिहायचा पगार घेते. विश्वास कसा असतो ते मी पहिल्यांदा त्या फोनवर ऐकलं, आणि तो माझ्यावर होता. मला शरम वाटली. दुसरा शब्द नाही.

“तसं त्यात नाहीये, राव,” मी म्हटलं. “तुमचं वाचणं चुकलं नाही. मी लिहिलंच नाही.”

दुसरा लिहिते, असं सांगून मी फोन ठेवला.

त्याच दिवशी ऑफिसात बसून मी दुसरा कागद लिहिला. आधी मराठीत, मग त्याखाली इंग्रजीत. सोबत वहीतल्या त्या पानाची प्रत जोडली, ज्यावर ‘डोळ्यांस डोळेच पाहिजेत’ असं माझ्या अक्षरात आहे, आणि ते शून्य दिसतं त्या पडद्याचं चित्र जोडलं. एक प्रत निरीक्षकांच्या कचेरीला, एक रावांना, एक वसंतीच्या मुलीला आणि एक केतनच्या टेबलावर. केतननं वाचली आणि दार लावून घेतलं. माझं पुढे काय व्हायचं ते अजून ठरायचंय.

पोस्टात टाकण्याआधी मी रावांना फोन केला. म्हटलं, “वाचून दाखवते. कुठेही अडलं तर थांबवा मला.” आणि वाचलं: ‘माहितीपत्रकातलं वाक्य सेतुमाधव रावांचं नाही. ते मी रचलं. ते याच्या उलट बोलले होते, आणि ते मी कापलं. त्यांनी मजकूर न वाचता होकार दिला, हे मला त्याच वेळी माहीत होतं आणि मी ते चालवून घेतलं. प्रेसपाशी उभा असणारा माणूस हटवावा, असं राव कधीही म्हणाले नाहीत.’

एरवी मी काहीही सांगितलं तर दर वाक्याला पलीकडून ‘बरें अम्मा’ यायचं. या वेळी एकदाही आलं नाही. मी संपवलं आणि वाट पाहिली. मग कागद सरकवल्याचा आवाज आला, पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

“आणखी एकदां वाचा,” राव म्हणाले. “हळू. मी लिहून घेतों.”